जेटीवरची बाकडी

मी लांज्याची, म्हणजे हायवेवरची. माहेरचं घर एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला, त्यामुळे माल म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर ट्रकच येतो. लग्न होऊन जयगडच्या खाडीत आत, या गावात आले तेव्हा मला कळलं, की इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या लेखी डांबरी रस्ता हा कालचा पोर आहे आणि खरी वाट पाण्याची. मला पोहता येत नाही. तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडायच्या, होडीतून नुसतं पलीकडे जायचं झालं तरी मी काठ घट्ट धरून बसते आणि पलीकडचा धक्का लागेपर्यंत कोणाशी बोलत नाही. सासूबाई मला हसतात. इतकी वर्षं झाली, अजून हसतात.

सासऱ्यांना मी पाहिलं ते फोटोतच. त्यांचा शिडाचा मचवा होता. बंदरावर कौलं, मीठ भरायचं, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून आत यायचं आणि जाताना लाकूड न्यायचं. पुढे गावात ट्रक यायला लागले, मचव्याचं काम सुटलं आणि मग थोड्याच वर्षांत तेही गेले. सासूबाईंकडे त्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत, पण तक्रार एकच. मचवा परत आला की त्या धक्क्यावर जाऊन विचारायच्या, "खेप कशी झाली?" ते म्हणायचे, "बरी झाली." मग या विचारायच्या, "मला कधी नेताय?" आणि ते सांगायचे, "पुढच्या खेपेला." मालाच्या मचव्यात बायकांना कोणी नेत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्या विचारायच्या आणि ते सांगायचे. जयगडला सासूबाई पुष्कळदा गेल्या, पण एसटीने. पाण्यातून खाडीचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही.

आमच्या ह्यांची चिऱ्याची खाण आहे. जांभ्याचे चिरे ट्रकमध्ये भरून किनाऱ्याच्या गावांना न्यायचे, तर रस्ता असा की निम्मा वेळ वळणं घेण्यात जातो आणि उतरवताना तुटके चिरे वेगळे काढावे लागतात. म्हणून गावात जेटी होणार अशी बातमी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद ह्यांना झाला. लगेच जेटीच्या कमिटीत गेले. आमच्या घरात कमिटी म्हणजे मला पाहुण्यांचा चहा आणि ह्यांना घरकामातून सुट्टी.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. सांगलीकडचा एक तरुण इंजिनियर आला होता. त्याने नकाशा भिंतीला टेकवून समजावून सांगितलं. खाडीतून मालाची वाहतूक करायची, त्यासाठी माल चढवायची-उतरवायची सोय हवी. खांब आणि वरचा काँक्रीटचा चौथरा सरकार बांधणार. क्रेन, शेड आणि माल वाहणारा बार्ज, हे कंपनीचं. कंपनी काही वर्षं ती सोय चालवणार, चढेल त्या मालावर भाडं घेणार आणि मुदत संपली की सगळं सरकारच्या ताब्यात देणार. जेटीला लागून ट्रक उभे राहायला भराव घालून पटांगण करायचं, तेवढा वाटा गावाने उचलायचा. थोडक्यात पाण्यातलं सरकारचं, लोखंडातलं कंपनीचं आणि मातीतलं आमचं.

आमच्या गावाचा सरकारी कामावर विश्वास नाही आणि खाजगी कंपनीवर तर मुळीच नाही. दोघं एकत्र येणार म्हटल्यावर कोणावर अविश्वास दाखवावा हेच लोकांना कळेना. एकाने उठून विचारलं, "क्रेन बंद पडली तर शिव्या कोनाला द्यायच्या?" इंजिनियर गंभीरपणे म्हणाला, "करारात तसं स्पष्ट आहे." तेवढ्याने लोकांचं समाधान झालं. शिव्या द्यायला माणूस ठरलेला असला की आमची माणसं कशालाही तयार होतात.

गावाचा वाटा म्हणजे मुंबईकरांचा वाटा, हे सांगायला नको. गावातल्या बहुतेक घरचे पुरुष मुंबईत. देवळाचा कळस, शाळेचा पत्रा, पाण्याची टाकी, काहीही करायचं झालं की मुंबईचं मंडळ वर्गणी काढतं. आणि मंडळाची एक रीत आहे, कोणाची देणगी नावावाचून घ्यायची नाही. आमच्या टाकीवर नावं आहेत, स्मशानातल्या शेडवर आहेत, शाळेतल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा आहेत, आणि पंखा सुरू झाला की सगळी नावं एक होतात. जेटीच्या भरावावर नाव कसं घालणार? मातीवर काही लिहिता येत नाही. मग मंडळाने तोडगा काढला. जो देणगी देईल त्याच्या घरच्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ पटांगणावर एक बाकडं.

बाकडी झाली. एसटी स्टँडवर असतात तसली सिमेंटची, पाठीवर अक्षरं कोरून काळा रंग भरलेली. शिमग्याला मुंबईकर आले ते बाकडी बघायलाच. जेटी तोवर उभी राहिली होती, क्रेनही येऊन बसली होती. प्रत्येकाने आपापल्या बाकड्यासाठी जागा धरली आणि सगळ्यांनाच जागा पाण्याच्या बाजूची हवी होती. आपला बाप खाडीकडे पाठ करून का बसेल? त्या वर्षी ग्रामदेवतेची पालखी पहिल्यांदा जेटीवर नाचली, प्रत्येक बाकड्यापुढे नारळ फुटला आणि एकूण समारंभ असा झाला की मुंबईकर परत गेल्यावरही चार दिवस त्याच गप्पा चालल्या.

सासऱ्यांचं बाकडं कोपऱ्यात बसवलं, अगदी त्यांचा मचवा लागायचा तिथेच. जागा सासूबाईंनी स्वतः दाखवली. ऐंशी कधीच ओलांडली आहे त्यांनी, पण तेव्हापासून रोज चार वाजले की काठी घेऊन त्या निघायच्या. मी थर्मासमधून चहा घेऊन मागून जायचे. त्या एका टोकाला बसायच्या आणि बाकड्याचा मधला भाग मोकळा ठेवायच्या. मी तिथे बसले तर म्हणायच्या, "जरा सरक गो बाय, दाटी नको करू." मी सरकायचे. खाडीवरून वारा यायचा, समोरच्या कांदळवनात बगळे उतरायचे आणि मला ते बाकडं सासूबाईंपेक्षा कमी आवडत नव्हतं, हे सांगून टाकते.

शिमग्यानंतर आठवडाभराने इंजिनियर आला. मधल्या काळात तो दुसऱ्या खाडीतल्या कामावर होता. जेवायला तो आमच्याकडेच असायचा. त्या दिवशी मी जेटीवर चहा घेऊन गेले तर तो पटांगणाच्या मधोमध डोक्याला हात लावून उभा.

"काकू, हे काय आहे?"

"बाकडी," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. पण ट्रक वळणार कुठून?"

खरंच की! माल चढवायच्या जागेवर आम्ही माणसं बसायची सोय करून ठेवली होती. एकाही शहाण्याला, माझ्या नवऱ्यासकट, हे सुचलं नव्हतं. ट्रक आत शिरला तर त्याला उलट बाहेर काढायलाही वाव नाही. क्रेनपर्यंत तर तो पोचतच नाही, कारण क्रेनच्या समोर मुंबईतल्या आमच्या चुलत दिरांच्या आईचं बाकडं. आणि वळणाच्या बरोबर नाक्यावर आमचं.

इंजिनियरने सांगितलं ते ऐकून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भरलेला बार्ज आमच्या खाडीत उधाणाच्या भरतीलाच चालतो. म्हणून चैत्री पौर्णिमेला चाचणीची खेप ठरली होती. कंपनीचे साहेब येणार, सरकारचे अधिकारी येणार. त्या दिवशी इथून चिरा भरून बार्ज निघाला तर ठीक, नाही तर कंपनी पावसाआधी क्रेन उचलून दुसरीकडे नेणार. तसं करारात होतं. दुसरीकडे म्हणजे पलीकडच्या तीरावरच्या गावात. तिकडच्यांनी जागासुद्धा साफ करून ठेवली होती. त्या गावाशी आमचं क्रिकेटवरून जमत नाही, मग क्रेनवरून काय जमणार!

"बाकडी काढावी लागतील," इंजिनियर म्हणाला. "पाया सिमेंटचा आहे. फोडून काढली तर दोन दिवसांचं काम."

फोडायची? पालखी जिच्यासमोर नाचली, नारळ जिच्यासमोर फुटला, ती बापाच्या नावाची वस्तू पहारीने फोडायची? कमिटी बसली. मुंबईला फोन लावले. सगळ्यांचं म्हणणं एकच, बाकडी काढायलाच हवीत, पण आधी दुसऱ्याचं काढा. चुलत दीर फोनवर म्हणाले, "दादा, तू कमिटीचा माणूस, तुझ्यापासून सुरुवात कर. काकांचं निघालं तर आमच्या आईचं कोण अडवेल?" फोनचा आवाज मोठा होता. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आमचे हे तसे बोलघेवडे, पण आईसमोर तोंडाला कुलूप. दोन दिवस नुसते आत-बाहेर करत होते. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू बोल ना तिच्याशी. तुझं ऐकते ती." तेव्हा मात्र मी भडकले. मी म्हटलं, "जेटी तुमची, चिरा तुमचा, आई तुमची, आणि वाईटपणा माझा? मला ते बाकडं आवडतं. मी एक शब्द बोलणार नाही." आणि हातातलं पातेलं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं. रागाच्या भरात बोलले खरी, पण ह्यांचा चेहरा बघून मला वाईटही वाटलं. बापाच्या मचव्यानंतर या खाडीतून पुन्हा माल निघावा, आणि तो आपला निघावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या संध्याकाळी सासूबाई नेहमीसारख्या जेटीवर गेल्या, मी थर्मास घेऊन मागे. इंजिनियर क्रेनच्या माणसाशी बोलत होता. सासूबाईंनी त्याला हाक मारून जवळ बसवलं. मधल्या जागेत नाही, माझ्या शेजारी.

"काय रे बाबा, ही तुझी क्रेन किती वजन उचलते?"

"पुष्कळ उचलते आजी. चिऱ्यांची अख्खी चळत उचलेल."

"माझां ह्यां बाकडां उचलेल?"

सासूबाई पुढे म्हणाल्या, "फोडायचां नाय हां. बाजूची माती उकरायची, पायातला सिमिट हलवायचा आनि सबंध उचलायचां. गेलेली माणसां उचलत नायत काय सबंध? आनि ती खालच्या वाडीत तरीचा धक्का हाय, तिथं लोकां उन्हात दगडावर बसतात. तिथं नेऊन ठेवा सगळी."

"तिकडे रस्ता नाही आजी. नुसती पाखाडी आहे. एवढं वजन पायऱ्यांवरून कसं नेणार?"

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ह्याला शिकवलं कोणी. "अरे, मग बार्ज कशाला आनतोस?"

इंजिनियर हसत सुटला. उठून त्याने पटांगणात एक फेरी मारली, खाडीकडे पाहिलं, परत येऊन बसला आणि पुन्हा हसला. उधाणाच्या भरतीला बार्जचा काठ तरीच्या धक्क्याच्या बरोबरीला येतो. लाकडी ओंडके घातले तर बाकडी सरकवत उतरवता येतील. बार्जला तसंही तिथूनच पुढे जायचं होतं. मी सासूबाईंना चहा दिला.

घरी येऊन त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, "मुंबैला फोन लाव. सांग, बाकडी खेपेला चाल्लीत. पहिलां तुझ्या बापाचां." पहिलं आमचं म्हटल्यावर बाकीच्यांना हरकत घ्यायला तोंड राहिलं नाही. उलट मंडळाच्या व्हॉट्सॲपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. तरीच्या धक्क्यावर सगळ्या गावाचा राबता असतो, तिथे नाव जास्त लोक वाचतील, हेही कोणाच्या तरी लक्षात आलं असावं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भरतीबरोबर बार्ज आत आला. एवढा मोठा, सपाट, लोखंडी तराफा आपल्या खाडीत मावतो हेच मला पटेना. गड्यांनी बाकड्यांचे पाय पहारीने मोकळे केले होते. सासऱ्यांच्या बाकड्याला क्रेनचे पट्टे बांधले, तेव्हा सासूबाई उठल्या. पदराने पाठीवरची धूळ पुसली आणि मागे सरकल्या. क्रेन गुरगुरली, बाकडं जमिनीवरून सुटलं, हवेत जरासं फिरलं आणि खाडीवरून सावकाश जाऊन बार्जवर टेकलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. जेटीवरून चढलेला पहिला माल म्हणजे आमचे सासरे. मागोमाग सगळ्या गावचे वाडवडील चढले, आणि पटांगण मोकळं झाल्यावर ह्यांचा पहिला ट्रक आत येऊन एका दमात वळला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मग जुना राग सोडून दिला आणि हसले. रात्रीच्या आत निम्मा चिरा चढला, उरलेला सकाळी.

दुपारी पाणी पूर्ण चढलं. साहेब लोकांनी नारळ फोडला, फोटो झाले. आणि आता दोर सोडणार, तेवढ्यात सासूबाई काठी टेकत फळीवरून सरळ बार्जवर गेल्या आणि आपल्या बाकड्यावर, टोकाला, जाऊन बसल्या.

हे धावले. "आये, उतर खाली! हा मालाचा बार्ज हाय."

"म्हाईत हाय."

"मालाच्या बोटीत बायका नेत नायत."

"ता तुझा बापूस पन म्हनायचा. पुढच्या खेपेला नेतो म्हनून गेला. हीच ती खेप." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी काय परत परत सांगनार नाय."

कंपनीचे साहेब नियम सांगायला पुढे झाले होते, ते थांबले. मग त्यांनीच केशरी रंगाचं लाइफ जॅकेट मागवलं. एक नाही, दोन. कारण ऐंशीच्या पुढच्या बाईला एकटं कसं सोडणार, आणि घरात सून एकच. मी, लांज्याची, हायवेवरची, जॅकेटच्या पट्ट्या आवळून, डोळे मिटून फळीवरून चालले. ह्यांनी माझा हात धरला होता. घाम त्यांच्या हाताला होता की माझ्या, हे अजून ठरलेलं नाही.

तरीच्या धक्क्याला बार्ज लागला. खालच्या वाडीची माणसं ओंडके मांडून तयारच होती. एकेक बाकडं सरकत धक्क्यावर गेलं आणि उतरता उतरताच त्यावर कोणी ना कोणी बसलं. शेवटी आमचं राहिलं. सासूबाई उठेनात.

"आई, आलं आपलं ठिकाण," मी म्हटलं.

"बंदर कुठं आलां अजून?"

बार्ज चालवणारा तांडेल दाभोळकडचा, पन्नाशीचा माणूस. हे पाखाडीने उतरून धक्क्यावर येऊन उभे होते; त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "चला." माझ्या तोंडून तो शब्द कसा निघाला मला माहीत नाही.

खाडी रुंद होत गेली. दोन्ही काठांच्या वाड्या लहान झाल्या. सासूबाई एकेक जागा ओळखत होत्या, जिथे त्या कधीच पाण्यातून गेल्या नव्हत्या. इथे मचवा भरतीची वाट बघत थांबायचा, इथे वारा फिरतो, तो खडक डाव्या हाताला ठेवायचा. तांडेल मान डोलवत होता. मग पुढचं वळण गेलं आणि एकदम समोर काहीच राहिलं नाही, नुसता समुद्र आणि ऊन. मी डोळे उघडे ठेवले होते. सासूबाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग बाकड्याच्या मोकळ्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढ्यासाठी मेला इतकी वर्सां टाळत होता!" आणि खळखळून हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही. मला त्या क्षणी खूप, खूप बरं वाटलं.

हे टेम्पो घेऊन आम्हाला न्यायला बंदरावर आले. बाकडंही टेम्पोत चढवायला निघाले, तर सासूबाईंनी अडवलं. "ऱ्हाऊं दे. त्यांना हिथंच बरां."

तेव्हापासून ते बार्जवरच आहे. खलाशी त्यावर बसून चहा पितात, पण मधली जागा मोकळी सोडतात, त्यांना तसं बजावलेलं आहे. क्रेन आमच्याच गावात राहिली. पौर्णिमा-अमावास्येला बार्ज येतो, चिरा चढतो, आंब्याच्या दिवसांत पेट्याही चढतात, आणि क्रेन मध्येच बंद पडली की करारात ठरल्याप्रमाणे कंपनीला शिव्या बसतात. बार्ज लागला की सासूबाई जाऊन बाकड्याच्या पाठीवरचं मीठ पदराने पुसतात आणि हळूच विचारतात, "खेप कशी झाली?" मी चहा ओतत असते.

गेल्या पौर्णिमेला दोर सोडताना तांडेलाने हाक मारली, "आजी, येताय काय बंदरापर्यंत?"

सासूबाई काठी घेऊन घराच्या वाटेला लागल्या होत्या. मागे न वळता त्यांनी हात हलवला.

"पुढच्या खेपेला," त्या म्हणाल्या.